नऊ वाहनांपासून ‘अर्क’पर्यंत : वादळाच्या अंदाजाची गोष्ट

गुढीपाडव्याला कडुनिंबाचा घास झाला, की आमच्या किला गेटच्या घरात आजोबा पंचांग उघडत. संवत्सरफल वाचून होईपर्यंत आम्ही मुले चुळबुळत असू, पण एका पानाशी सगळे गप्प होत. यंदा कोणत्या नक्षत्राला कोणते वाहन? बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला की आजी समाधानाने मान हलवी. उंदीर किंवा गाढव निघाले की म्हणे, ‘‘धान्याचे डबे भरून ठेवा.’’ गंमत अशी, की पंचांग सोलापूरचे आणि आम्ही राहतो किल्ल्याच्या पायथ्याशी, चंबळच्या मुलखात. मृगाला हत्ती असो नाहीतर गाढव, ग्वाल्हेरला त्या पंधरा दिवसांत लूच वाहते. इथे पाऊस येतो जूनच्या अखेरीला, आर्द्रा लागल्यावर. पण चार-पाच पिढ्या इकडे काढूनही आमच्या घरातला पावसाळा पंचांगाप्रमाणे मृगातच सुरू होई.

हे वाहन ठरते कसे, ते आजोबांनी मला एकदा पाटीवर करून दाखवले होते. सूर्य नव्या नक्षत्रात जाईल त्या वेळी सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नवाने भागायचे, बाकी उरेल त्याप्रमाणे वाहन. म्हणजे तेही गणितच. आजची स्थिती घ्या, ठरलेल्या नियमाने आकडेमोड करा आणि पुढचे सांगा. पुण्यात पाषाणला जो महासंगणक चालतो, तोही मुळात हेच करतो. फरक पुढे आहे. उत्तर चुकले तर काय करायचे, याची सोय एका गणितात आहे, दुसऱ्यात नाही. वाहन चुकले म्हणून कुणी भागाकाराचा नियम बदलल्याचे मी ऐकलेले नाही.

याचा अर्थ आपल्याकडे तसा विचार करणारी माणसे नव्हती असा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच ग्वाल्हेरात विसाजी रघुनाथ लेले नावाचे गृहस्थ सायन पंचांगासाठी हट्ट धरून बसले होते. त्यांचे म्हणणे सरळ होते. दिवस मोठा व्हायला लागतो डिसेंबरच्या बावीस तारखेच्या सुमाराला, आणि आपण उत्तरायण धरतो मकरसंक्रांतीला, म्हणजे तीन आठवडे उशिरा. तेव्हा पंचांगाचे गणित आकाशाशी ताडून दुरुस्त करा. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित त्यांच्या बाजूचे होते. लोकांनी काही ते ऐकले नाही, संक्रांत आजही जानेवारीतच आहे, आणि तिळगूळ थंडीत बरा लागतो म्हणून माझी तक्रारही नाही. पण आपल्या गावच्या एका मराठी माणसाने ‘गणित आकाशाला विचारा’ असे सव्वाशे वर्षांपूर्वी म्हणून ठेवले होते, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

आता वादळांकडे. आपण समुद्रापासून इतके लांब, आपला चक्रीवादळाशी काय संबंध, असे कुणी म्हणेल. संबंध आहे, तो पुढे येईलच. आणि आपल्यापैकी बहुतेकांचे कुणी ना कुणी कोकणात आहेच. जुन्या मंडळींना ‘रामदास’ बोट आठवत असेल, निदान ऐकून तरी. १७ जुलै १९४७, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट भर पावसाळ्यात मुंबईबाहेरच्या समुद्रात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. अवसेच्या सणासाठी घरी निघालेले चाकरमाने होते ते. दोष नुसता समुद्राचा नव्हता, बोटीत गर्दीही फार होती. पण सकाळी निघताना पुढे समुद्र काय करील हे नेमके सांगणारे त्या धक्क्यावर कुणीही नव्हते.

बंदरावर बावटा चढवायची पद्धत तेव्हा होतीच. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य कोकणात आजही ऐकू येते. हा बावटा कशावरून लावत? तारेवरून. एका ठिकाणी दाब उतरला, वारा फिरला, की तारायंत्राने ती बातमी पुढच्या बंदराला जायची. म्हणजे वादळ कुठे आहे ते कळे, कुठे जाईल ते नाही. ‘सायक्लोन’ हा शब्दच मुळी कलकत्त्यात जन्मला. हेन्री पिडिंग्टन नावाच्या इंग्रजाने १८४०च्या दशकात सापाच्या वेटोळ्यावरून तो केला. ऑक्टोबर १८६४ मध्ये कलकत्त्याला भयंकर वादळ झाले, पाठोपाठ १८६६ चा ओडिशातला दुष्काळ, आणि मग सरकारला जाग येऊन १८७५ साली भारतीय हवामान खाते सुरू झाले. मुंबईला कुलाब्याची वेधशाळा त्याच्याही आधीची, १८२६ ची. खात्याचे मुख्यालय पुढे सिमल्याला गेले आणि १९२८ साली तिथून पुण्यात आले. पुण्याला शिवाजीनगरला उतरलेल्या कुणालाही ‘सिमला ऑफिस’ विचारा, तो बोट दाखवील. मुख्यालय १९४४ साली दिल्लीला गेले, तरी नाव अजून सिमल्याचेच आहे. मला हे लहानपणी फार कोड्यात टाकी, पुण्यात सिमला कसे!

एक बाब इथेच सांगून टाकतो, कारण मोबाइलवर ती दर पावसाळ्यात फिरते. जून १८८२ मध्ये मुंबईला चक्रीवादळ होऊन एक लाख माणसे मेली, असा तो मजकूर असतो. अभ्यासकांनी त्या वेळची दप्तरे धुंडाळली, असे वादळ झाल्याची नोंद मिळाली नाही. एक लाख माणसे मेलेली बातमी वर्तमानपत्रांतून सुटणे शक्य नाही. तेव्हा हा मजकूर आला तर पुढे पाठवू नये.

गणिताने हवा सांगायची कल्पना मनावर घेतली ती लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज माणसाने. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होता. क्वेकर पंथाचा, म्हणून बंदूक धरणार नाही म्हणाला. जखमी वाहून नेण्याच्या मधल्या वेळात, गवताच्या ढिगाचे टेबल करून तो आकडेमोड करी. त्याने एक जुना दिवस घेतला, २० मे १९१०. त्या दिवशी सकाळी युरोपात दाब, वारा, तापमान काय होते याच्या नोंदी उपलब्ध होत्या. त्यावरून सहा तासांनी जर्मनीत एका ठिकाणी दाब किती होईल, ते हाताने काढायला त्याला सुमारे सहा आठवडे लागले. उत्तर आले : दाब १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नव्हता. इतका दाब सहा तासांत कुठेच बदलत नाही, पृथ्वीवरच्या कोणत्याही वादळात नाही.

दुसरा कुणी असता तर कागद जाळून मोकळा झाला असता. रिचर्डसनने १९२२ साली पुस्तक छापले आणि त्यात हे चुकलेले उत्तर सगळ्या पायऱ्यांसकट दिले. वर असेही लिहिले, की हवेच्या वेगाने गणित करायचे तर एका प्रचंड गोल सभागृहात ६४,००० गणित करणारी माणसे बसवावी लागतील. हसले लोक. पण ते चुकलेले गणित छापलेले होते म्हणूनच पुढच्यांना शोधता आले, की नियम बरोबर होते, सुरुवातीचे आकडे खडबडीत होते. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा माणूस हाच.

त्या चौसष्ट हजार माणसांची जागा १९५० साली अमेरिकेत ‘एनिअॅक’ या यंत्राने घेतली. ज्यूल चार्नी, जॉन फॉन न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चोवीस तासांचा अंदाज काढला, आणि त्याला लागलेही जवळपास चोवीस तासच. म्हणजे अंदाज आणि हवा दोघे एकाच वेळी मुक्कामाला पोहोचले! तरी गणित जमते हे सिद्ध झाले.

ही रीत काय आहे, ते आपल्या भाषेत सांगतो. पृथ्वीभोवतीच्या हवेवर एक जाळे टाकायचे, बुद्धिबळाच्या पटासारखे, आणि असे पट एकावर एक रचायचे. प्रत्येक चौकोनात आत्ता दाब किती, वारा कुठून, ओल किती, ऊन किती, हे आकडे भरायचे. मग न्यूटनचे गतीचे नियम आणि उष्णतेचे नियम लावून, काही मिनिटांनी प्रत्येक चौकोनात काय होईल ते काढायचे. ते उत्तर पुन्हा सुरुवात म्हणून धरायचे. असे शेकडो वेळा केले की परवाची हवा हाती येते. चौकोन मोठे असले तर काम हलके, पण दिसत काही नाही. आपल्या देशात १९९०च्या दशकात जी पहिली जागतिक प्रणाली रोज चालू लागली, तिचा चौकोन सुमारे दीडशे किलोमीटरचा होता. ग्वाल्हेरपासून आग्रा सव्वाशे किलोमीटर आणि झाशी शंभर, म्हणजे तेवढ्या मुलखाला जवळजवळ एकच आकडा. बारीक करावे म्हटले तर चौकोनाची बाजू निम्मी केल्यावर चौकोन चौपट होतात, आणि पावलेही निम्म्या वेळाची टाकावी लागतात. काम आठपट. मोठे संगणक लागतात ते याच्यासाठी.

आणि सुरुवातीचे आकडे येतात कुठून? उपग्रहांतून, विमानांतून, जहाजांतून, आणि फुग्यांतून. हे सांगताना मला अभिमान वाटतो, की ग्वाल्हेर हे त्या फुग्यांच्या जाळ्यातले एक केंद्र आहे. जागतिक यादीत त्याचा क्रमांक ४२३६१. पहाटे एक मोठा पांढरा फुगा सोडतात, त्याला पेटीएवढे हलके यंत्र टांगलेले असते. ते वर जाता जाता तापमान, ओल आणि दाब कळवत राहते, फुगा कसा वाहवत गेला त्यावरून वारा कळतो. आपल्या घड्याळात पहाटे साडेपाच ही वेळ साऱ्या जगाने धरलेली आहे. आपण कूस बदलत असतो तेव्हा टोकियोत, मॉस्कोत, ग्वाल्हेरात एकाच मुहूर्तावर ही मोजणी होते आणि सगळे आकडे एका गणितात जातात. पुण्यातले, दिल्लीतले, इंग्लंडातले संगणकही आपल्या गावची हवा विचारून मगच पुढे जातात.

आपल्याकडचा संगणकाचा इतिहास तसा हाल काढलेला आहे. पुण्याला १९६२ साली उष्णकटिबंधीय हवामानाची संस्था निघाली, आजची आयआयटीएम. शास्त्रज्ञ होते, संगणक नव्हता. मोठे गणित करायचे तर मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली आलेल्या सीडीसी ३६०० या यंत्राकडे जावे लागे. उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले जगदीश शुक्ल याच पुण्याच्या संस्थेत घडले, पुढे अमेरिकेत चार्नींचे विद्यार्थी झाले, आणि १९८८ साली दिल्लीत मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचे राष्ट्रीय केंद्र निघाले तेव्हा त्याच्या उभारणीत त्यांचा हात होता. त्या केंद्रासाठी अमेरिकेकडून क्रे कंपनीचा महासंगणक मागितला. बराच काळ घासाघीस झाली. मागितला होता त्यापेक्षा लहान दिला, आणि तोही हवामानाखेरीज कशाला वापरायचा नाही या अटीवर. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅक सुरू झाले आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावच्या विजय भटकरांनी १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा करून दाखवला. ‘देत नाही तर करून घेतो’ हा बाणा आपल्या लोकांना आवडतो, म्हणून ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे.

वसंत गोवारीकरांची गोष्ट मात्र अर्धीच सांगितली जाते. अग्निबाणाच्या इंधनाचे शास्त्रज्ञ, पुढे केंद्र सरकारचे विज्ञान सचिव. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा सोळा घटकांचा मान्सूनचा नमुना १९८८ पासून वापरात आला. हिमालयातला बर्फ, प्रशांत महासागराचे तापमान अशा सोळा गोष्टी पाहून देशाचा पाऊस सांगायचा. आमच्या घरात तर ‘आपला माणूस पाऊस सांगतो’ म्हणून केवढे कौतुक! वर्षामागून वर्षे अंदाज जमत गेले. मग आले २००२. अंदाज होता सर्वसाधारण पावसाचा, आणि पडला सरासरीपेक्षा १९ टक्के कमी. जुलै तर कोरडाच गेला. दुसऱ्या वर्षी नमुना बदलला. लोकांनी टिंगल केली, पण मला त्यात कमीपणा दिसत नाही. तो नमुना मागच्या वर्षांच्या जुळणीवर उभा होता, हवेच्या नियमांवर नव्हता. मागे असे झाले तेव्हा तसे झाले, हे ज्ञान मोलाचेच, पण एखादे वर्ष मागच्यासारखे वागायचे नाकारते. चुकल्यावर खात्याने नियम बदलला. आजोबांच्या पाटीवरच्या भागाकारात हीच सोय नव्हती.

वादळांच्या बाबतीत खरा हिशेब मांडला तो ओडिशाने. २९ ऑक्टोबर १९९९, महाचक्रीवादळ. ताशी २६० किलोमीटरच्या आसपास वारा, समुद्र पाच-सहा मीटर उंच होऊन आत शिरला, आणि किनाऱ्यावर आल्यावरही वादळ दिवसभराहून अधिक तिथेच घुटमळले. सुमारे दहा हजार माणसे गेली. हवामान खात्याच्या प्रमुखपदी त्या वेळी पुण्याचे डॉ. रंजन केळकर होते. उपग्रहाची चित्रे मिळत होती, इशारेही गेले होते. पण वादळ किती जोर धरील आणि नेमके कुठे थांबून राहील, हे सांगण्याइतके गणित तेव्हा बारीक नव्हते. शिवाय इशारा ऐकून माणसाने जायचे कुठे? पक्क्या निवाऱ्याच्या इमारती हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच.

चौदा वर्षांनी, १२ ऑक्टोबर २०१३ ला, त्याच ओडिशात गोपाळपूरजवळ ‘फायलिन’ आले. या वेळी परदेशातले काही तज्ज्ञ म्हणत होते की हे १९९९ पेक्षाही मोठे होईल. आपले खाते आपल्या आकड्यावर ठाम राहिले, ताशी २१०-२२० किलोमीटर, आणि तेच खरे ठरले. त्याहून मोठी गोष्ट, दहा लाखांच्या आसपास माणसे आधीच हलवली होती. मृतांची संख्या दोन आकड्यांतच राहिली. दहा हजार आणि काही डझन, या दोन आकड्यांत जे अंतर आहे त्यात संगणक आहे, उपग्रह आहे, आणि गावोगाव बांधलेले निवारे आणि दारोदार हिंडलेले ग्रामसेवकही आहेत. नुसत्या संगणकाला श्रेय देणारे लेख मी वाचतो तेव्हा मला या हिंडणाऱ्या माणसांची आठवण होते. मी स्वतः राज्य शासनाचा नोकर आहे, म्हणून असेल.

आमच्या घराने ही गोष्ट जवळून पाहिली ती ‘निसर्ग’च्या वेळी. माझी मावशी श्रीवर्धनला राहते. टाळेबंदीचे दिवस, जून २०२० ची सुरुवात. ३१ मेपासूनच अरबी समुद्राबद्दल इशारे येत होते. दोन तारखेला तिला फोन केला तर म्हणाली, ‘‘अरे, इथे पंचायतीची माणसं दोनदा येऊन गेली. शाळेत चला म्हणतात. पण त्या आजारात एवढ्या माणसांत कसं जायचं? आणि आमच्या म्हाताऱ्यांनी सांगितलंय, वादळं गुजरातेत जातात, नाहीतर ओमानला. इथे नाही येत.’’ म्हाताऱ्यांचे म्हणणे अनुभवाचे होते, खोटे नव्हते. नोव्हेंबर १९४८ चे वादळ सोडले तर मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर इतके जोरदार काही फारसे कुणी पाहिलेले नव्हते. मी तिला म्हटले, ‘‘मावशी, या वेळी गणित तुमच्याकडेच बोट दाखवतंय. जा तुम्ही.’’ गेली. तीन तारखेला, बुधवारी दुपारी, ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्याने वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले. घरावरचे पत्रे गेले, कौले गेली, आणि सासऱ्यांनी लावलेली पोफळीची बाग आडवी झाली. चार दिवसांनी फोन लागला तेव्हा ती बागेसाठी रडत होती. सुपारीला फळ धरायला सहा-सात वर्षे जातात, तिचे वय त्या वेळी अडुसष्ट. मी काय बोलणार? पण रडायला ती होती.

इथे चूक किती कमी झाली तेही सांगायला हवे. वीस-एक वर्षांपूर्वी चोवीस तास आधी सांगितलेली वादळाची जागा सरासरी दीडशे किलोमीटरच्या आसपास चुकायची. आता ती चूक ऐंशीच्या आत आली आहे. चूक शून्य का होत नाही, याचे उत्तर एडवर्ड लॉरेन्झ यांना १९६१ मध्ये अमेरिकेत अपघातानेच सापडले. त्यांनी यंत्राला ०·५०६१२७ ऐवजी ०·५०६ एवढाच आकडा दिला आणि कॉफी पिऊन आले, तर पुढची सगळी हवा भलतीच झालेली. सुरुवातीची केसाएवढी चूक पुढे डोंगराएवढी होते. त्यावर उपाय काढला तो असा, की एकच गणित सुरुवातीचे आकडे थोडे थोडे बदलून अनेकदा करायचे. पुण्याच्या संस्थेने १ जून २०१८ पासून बारा किलोमीटरच्या चौकोनावर अशी एकवीस गणिते चालवायला सुरुवात केली. एकवीसही जणांनी एकाच गावाकडे बोट दाखवले तर गाव रिकामे करा. अर्धे इकडे, अर्धे तिकडे, तर सावध राहा. लग्न ठरवताना आपण पाच नातेवाइकांना विचारतो, तसलाच हा प्रकार.

यंत्रांची नावेही पाहण्यासारखी आहेत. २०१८ साली पुण्यात ‘प्रत्यूष’ आला, सेकंदाला चार हजार लाख कोटी आकडेमोडी करणारा, आणि नोएडाच्या केंद्रात ‘मिहिर’. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात ‘अर्क’ आला, प्रत्यूषच्या जवळजवळ तिप्पट, आणि नोएडात ‘अरुणिका’. पावसाचे आणि वादळाचे काम, पण चारही नावे सूर्याघरची! २६ मे २०२५ ला भारत अंदाज प्रणाली सुरू झाली, तिचा चौकोन सहा किलोमीटरचा. दीडशेवरून सहावर यायला तीस-बत्तीस वर्षे लागली. आता किला गेट आणि तिघरा वेगवेगळ्या चौकोनांत पडतात.

तिघऱ्याचे नाव आले म्हणून. सांक नदीवरच्या या धरणाला पुण्याजवळच्या खडकवासल्यासारखेच विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते. धरण नवे कोरे असताना ऑगस्ट १९१७ मध्ये फुटले. पायाच्या वालुकाश्मात पाणी शिरले होते. मोठी मनुष्यहानी झाली. दरवाजे उत्तम होते, पण वरून किती पाणी येणार आहे, हे आदल्या दिवशी सांगणारे कुणी नव्हते. पुढे धरण पुन्हा उभे राहिले आणि आज आपण त्याचेच पाणी पितो.

सांगणारे कुणी असूनही काय होते, ते आपण २०२१ मध्ये पाहिले. मे महिन्यात ‘तौक्ते’ गुजरातेत जमिनीवर आले, आणि त्याचे अवशेष राजस्थानावरून उत्तरेला गेले. १९ मे ला दिल्लीत ११९ मिलिमीटर पाऊस, मे महिन्यात! समुद्रातले वादळ आपल्या अंगणात येते ते असे. पण खरा घाव ऑगस्टचा. वायव्य मध्य प्रदेशावर कमी दाबाचे क्षेत्र बसून राहिले आणि २ व ३ ऑगस्टला शिवपुरी-श्योपूरवर आभाळ फाटले. मडीखेड्याचे दरवाजे उघडावे लागले, सिंधने दतिया जिल्ह्यातले रतनगढ मातेच्या वाटेवरचे पूल वाहून नेले, हजाराहून अधिक गावांत पाणी शिरले आणि सैन्य व हवाई दलाला माणसे उचलावी लागली.

रविवारी, १ तारखेला, माझ्या मोबाइलवर अतिवृष्टीचा इशारा आलेला होता. मी तो वाचला होता. दर पावसाळ्यात असे दहा-बारा येतात, त्यातलाच एक म्हणून बोट फिरवून पुढे गेलो. सोमवारी रात्री कामावर बोलावणे आले आणि मंगळवारी पहाटे एका गावाच्या टेकाडावर उभा राहून मी पाणी चढताना पाहत होतो. एक म्हातारे गृहस्थ शेजारी होते, त्यांची दोन्ही दुभती जनावरे गोठ्यात बांधलेली राहिली होती. त्यांनी मला विचारले, ‘‘साहब, पता नहीं था क्या?’’ मला ठाऊक होते. मी काहीच बोललो नाही. मावशीला फोनवर ‘जा’ म्हणणारा मीच, आणि इथे माझ्या स्वतःच्या भागातला इशारा मी वाचून सोडून दिला. मी कळवले असते तर पूल वाचले नसते. जनावरे मोकळी सोडता आली असती.

चक्रीवादळाला निदान तीन-चार दिवसांची सवड असते. आपल्याकडची आँधी तेवढीही देत नाही. २ मे २०१८ च्या रात्री धूळवादळाने आग्रा, धौलपूर, भरतपूर पट्ट्यात शंभराहून अधिक माणसे मारली. धौलपूर इथून साठ-सत्तर किलोमीटर. असा ढग दोन-तीन तासांत जन्मतो आणि संपतो. आज या भागात मेघगर्जना होईल एवढे संगणक आधी सांगतो, पण कोणत्या गावावर, ते ढग उभा राहिल्यावरच कळते. त्यासाठी पुण्याच्या त्याच संस्थेने देशभर विजा टिपणारी यंत्रे बसवली आणि ‘दामिनी’ नावाची मोबाइल सेवा काढली. आपण उभे आहोत तिथून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडते आहे का, ते ती दाखवते. जुलै २०२१ मध्ये जयपूरला आमेरच्या किल्ल्याजवळ मनोऱ्यावर फोटो काढणाऱ्या मंडळींवर वीज पडून अकरा जण गेले, त्या संध्याकाळी मी ती मोबाइलवर घेतली.

गेल्या जेठात आम्ही चौघे नेहमीप्रमाणे संध्याकाळी किल्ल्याच्या चढणीवर फिरायला गेलो होतो. हवा छान सुटली होती, पश्चिमेकडे थोडे काळे दिसत होते. दुसऱ्या दरवाजापाशी माझा मोबाइल वाजला. मी म्हटले, ‘‘चला, खाली उतरू.’’ जोशीबुवा हसले, ‘‘तुमचं पुणं आम्हाला इथेही फिरू देणार नाही का?’’ पण उतरलो सगळे. किला गेटला चहा घेऊन अर्धा तास बसलो. वीज आमच्याकडे पडली नाही, पाऊसही नाममात्र, नुसती माती भिजल्याचा वास. पुढे आठवडाभर तिघांनी मला चिडवून घेतले. मागच्या महिन्यात बुवांचा मोबाइल सहज हातात घेतला, तर त्यावरही ‘दामिनी’ होती.